हेस्टवेर बेटाचं वजन

हेस्टवेर,
४ फेब्रुवारी १९९१

प्रिय स्टाइनार,

तू जिवंत आहेस हे मला ओत्तारकडून कळतं, ही काय पद्धत झाली? परवा त्याने माझं तिकीट फाडलं, माझी पिशवी विमानात चढवली आणि आगीच्या बंबात जाऊन बसायच्या आधी, टोपी बदलता बदलता म्हणाला, "राग्नाबाई, तुमचा भाचा नवी विमानं घेतोय म्हणे." म्हणे! ज्याला मी दोन उन्हाळे कडेवर घेऊन हिंडले त्याची बातमी मला विमानतळावर मिळते, आणि विमानतळावर माणूस तो एकच, म्हणजे बातमी देणाराही तोच.

तुझं काम काय आहे ते मला कधीच नीट कळलं नाही. विमान तू चालवत नाहीस, दुरुस्त करत नाहीस, तिकिटंही विकत नाहीस. एडविन म्हणायचा, "स्टाइनार विमानांची गणितं करतो." मग एक गणित माझ्यासाठी कर. सरळ विचारते, सरळ उत्तर दे. नवं विमान हेस्टवेरला उतरणार की नाही? आमची धावपट्टी आठशे मीटर. या टोकाला समुद्र, त्या टोकालाही समुद्र. ती वाढवायची म्हटली तर मासे हलवावे लागतील.

दर गुरुवारी सकाळी मी त्या एकोणीस आसनांच्या डब्यात बसते, बोडोला उतरते, बस धरून शुश्रूषागृहात जाते, एडविनजवळ चार तास बसते आणि संध्याकाळच्या विमानाने घरी येते. चौदा महिने झाले. एक गुरुवार चुकला, तोही वादळामुळे. विमान बंद झालं तर उरते बोट. साडेचार तास जायला, साडेचार यायला, आणि मधे मुक्काम. मला चौऱ्याहत्तर झाली. बंदराच्या तोंडाशीच मला ओकाऱ्या सुरू होतात. वर्षातून चारदा जमलं तरी खूप. तेव्हा हे विमान म्हणजे माझा नवरा आहे असं समज.

एडविन बरा आहे. गुरुवारी माशाचे वडे नेले होते. चार खाल्ले आणि अजून मागत होता. तुझ्या ऑफिसपासून तिथे चालत वीस मिनिटं. तू नाताळाच्या आधी एकदा गेलास, कुंडीतलं झाड दाराशीच ठेवलंस आणि पळालास. झाड मेलं.

तुझी,
राग्नामावशी


बोडो,
१३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

झाडाबद्दल वाईट वाटलं. एडविनकाकांकडे जाणारच आहे, फक्त हे विमानांचं एकदा संपू दे. सकाळी आठला ऑफिसात शिरतो आणि बाहेर पडतो तेव्हा डोक्यात आकड्यांशिवाय काही उरलेलं नसतं.

तू सरळ विचारलंस, पण उत्तर सरळ नाही. तुझ्या त्या डब्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत, कारखान्याने तो बनवणंच बंद केलंय. नवं घ्यायलाच हवं. समोर दोन आहेत. खरी नावं बाहेर सांगायची नाहीत म्हणून ऑफिसात म्हणतो तसंच म्हणतो: बुटक्या आणि लांब्या.

बुटक्याला सदतीस आसनं. पंख वर आणि पोट जमिनीजवळ, म्हणजे ओत्तारला सामान खांद्याच्या उंचीवरून आत ढकलता येईल. शिडी त्याच्या दारातच बसवलेली आहे, आणि मागच्या दारातून रुग्णाचं स्ट्रेचर तिरकं न करता आत जातं. तो आठशे मीटरवर उतरतो आणि उडतोही. पण त्यासाठी इंजिनं दांडगी लागतात. जमीन सोडेपर्यंतच त्यांचा तो जोर कामाचा, पुढे नुसता डौल. तेल मात्र ती सगळ्या वाटेवर पितात.

लांब्याला पन्नास आसनं. इंजिनं नाजूक, तेल कमी, दिसायला देखणा, प्रत्येक आसनामागे खर्च कमी. पण त्याला बाराशे मीटर लागतात. लांब्या घेतला तर तुमच्यासह पाच धावपट्ट्या बंद. आमचे हिशेबप्रमुख त्वेतेर यांचा लांब्यावर जीव जडलाय. मी बुटक्याचा वकील. भांडण सगळं आकड्यांचं आहे, तुला वाचून कंटाळा येईल.

तुझ्या हातात एवढंच आहे: महिनाअखेरीस आमच्या ऑफिसातल्या दोन मुली वजनकाटा घेऊन हेस्टवेरला येतील. विमानात चढणाऱ्या प्रत्येकाचं वजन होईल, अंगावरच्या कपड्यांसकट, हातातल्या सामानासकट. पाचांत तुमचं बेट सगळ्यांत वर्दळीचं, म्हणून तिथलेच आकडे धरणार आहेत. लोक टाळाटाळ करतील. सगळ्यांना सांग की तुमच्या वजनावर तुमच्या धावपट्टीचं भवितव्य आहे.

तुझा,
स्टाइनार


हेस्टवेर,
३ मार्च

प्रिय स्टाइनार,

बेटाने नाव राखलं!

तुझ्या मुली गोड आहेत, पण अंगात थंडी भरलेली. त्यांना मी लोकरीचे हातमोजे दिले. काटा ओत्तारच्या काउंटरशेजारी मांडला होता. आठवड्यात एकशे बेचाळीस माणसं चढली. एरवी नव्वद होतात. काहींचं बोडोत काडीचंही काम नव्हतं, तरी गेली, बंदरावर उभं राहून कॉफी प्यायली आणि परत आली. तुझं पत्र मी दुकानात वाचून दाखवलं, मग ओत्तारने ते भिंतीला टाचणीने लावलं. जाता येता लोक वाचत होते.

कोणी कमी पडलं नाही, एवढंच सांगते. बाकी पत्रात लिहिण्यासारखं नाही. तुझ्या त्या त्वेतेरला हेस्टवेर काय आहे ते आता कळेल.

एडविनने गुरुवारी पाच वडे खाल्ले. बशी चाटली अक्षरशः. तुझी आठवण काढली. तू गेला नाहीस ना अजून?

राग्नामावशी


बोडो,
१५ मार्च

मावशी,

हेस्टवेरला माणसं राहतात की देवमासे?

सरासरी एकशे सहा किलो. हातातल्या सामानासकट, कबूल. तरी एकशे सहा! आम्ही एरवी चौऱ्याऐंशी धरतो. ओळ बावीस बघ: पुरुष, वय सत्तर, एकशे अडतीस किलो. पुढे शेरा, आमच्या मुलीच्या हातचा: "सडपातळ". ओळ एकावन्न: तुमचे पाद्रीबुवा, एकशे एकवीस. शेरा: "पाठ वाकत नाही, विमानात उभ्यानेच येऊ का असं विचारत होते". त्वेतेरांनी हा कागद बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत लोक हसले. मी सोडून सगळे.

आता शांतपणे वाच. तुझ्या आठशे मीटरवरून बुटक्या माणसं आणि सामान मिळून दोन हजार सातशे साठ किलो उचलू शकतो. त्यावर एक किलो नाही. माणूस जड झाला की माणसं कमी होतात. एकशे सहाने भागलं की येतात सव्वीस. सदतीस आसनांपैकी सव्वीस भरायची आणि अकरा रिकामी फिरवायची! त्वेतेरांचा आणि माझा करार असा आहे: बुटक्याने तीस माणसं उचलली तर तो परवडतो, आम्ही तो घेऊ. तीसच्या खाली आला तर लांब्या. तुम्ही नटूनथटून, हातमोजे वाटून, लांब्याला मत दिलंत.

मला खरं सांग. काय केलंत तुम्ही?

स्टाइनार


हेस्टवेर,
१९ मार्च

स्टाइनार,

आधी हे सांग की आत्ता जे लिहिलंस ते पहिल्या पत्रात का लिहिलं नाहीस? "तुला वाचून कंटाळा येईल" म्हणे. आला असता कंटाळा तर आला असता! मी बावन्न वर्षं एका मासेमाऱ्याशी संसार केलाय, कंटाळ्याचं मला काय सांगतोस? तू लिहिलंस, "तुमच्या वजनावर तुमच्या धावपट्टीचं भवितव्य आहे." तुझ्या अक्षरात आहे, ओत्तारच्या भिंतीवर आहे, नाकारू नकोस.

या बेटावर काटा आजवर एकाच कामासाठी आलाय, मासळी घ्यायला. काट्यावर चढायचं म्हणजे जड व्हायचं. माझ्या आजोबांनी खोक्यात बर्फ जास्त राहू दिला, बापाने राहू दिला, एडविनने तर बर्फात मासळी घातली म्हणायला हरकत नाही. हलकं भरून कुणाचं भलं झालेलं इथे कोणी पाहिलेलं नाही. कंपनी बेटाची किंमत करायला आलीय, एवढं आम्हाला कळलं. मग काय पिसासारखं चढायचं होतं?

दोष माझा. दुकानात उभी राहून मीच सगळ्यांना सांगितलं. माझ्या कोटाच्या दोन्ही खिशांत जाळ्याला लावायचं शिसं होतं, सात किलो. अस्तर फाटलं. तुझी ओळ बावीस म्हणजे ओलुफ, त्याने स्वेटरच्या आत नांगराची साखळी गुंडाळली होती. पाद्रीबुवांनी पाठीला स्तोत्रांची पुस्तकं बांधली होती. त्यांचं म्हणणं, तेही देवाचंच काम. शाळेच्या बाईंनी बटाटे घेतले होते, कुठे ते मी लिहिणार नाही.

आता काय करू ते सांग. त्या त्वेतेरला पत्र लिहू का? मी चांगलं पत्र लिहिते. त्याला सांगते की माझा नवरा गुरुवारी दाराकडे डोळे लावून बसतो, गेल्या आठवड्यात त्याने चार वडे खाल्ले, आणि हे सगळं खिशातल्या शिशापायी बुडवू नका. स्टाइनार, मला झोप लागत नाही. मीच माझ्या हाताने विमान घालवलं का रे?

राग्नामावशी


बोडो,
२७ मार्च

प्रिय मावशी,

त्वेतेरांना लिहू नकोस. कृपा कर.

मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालो की काट्यात बिघाड असावा. आयुष्यात पहिल्यांदा काट्यावर आळ घेतला, आणि त्या सगळ्या प्रकारात सरळ काय होतं तर तेवढा काटाच. त्यांनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, ठीक आहे, एकदा आणखी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुली परत येतील.

शिसं, साखळ्या, स्तोत्रं, बटाटे, सगळं घरी ठेवा. मी पुन्हा सांगतो, जड माणूस म्हणजे बुटक्याचं नुकसान. आणखी काही करू नका. काहीही म्हणजे काहीही.

काकांकडे पुढच्या आठवड्यात नक्की.

स्टाइनार


बोडो,
१८ एप्रिल

मावशी,

मी हात टेकले.

एकाहत्तर! एप्रिलमध्ये, दोन अंश तापमानात, उत्तरेचा वारा सुटलेला असताना, हेस्टवेरची एकशे सव्वीस माणसं अंगात कोट न घालता विमानात चढली. ओलुफ बनियनवर. अडुसष्ट किलो. कागदावर तो दीड महिन्यात सत्तर किलो उतरलाय, डॉक्टरकडे पाठवावा असा माणूस. पाद्रीबुवा अनवाणी. मुलीने विचारलं बूट कुठे, तर म्हणाले, "मोझेसनेही देवासमोर काढले होते." आणि एकाच्याही हातात पिशवी नाही! सगळं सामान, कोट, बूट ओत्तारने आगीच्या बंबात लपवलं होतं आणि वजनं उरकल्यावर मागच्या दाराने चढवलं. हे मला वैमानिकाने सांगितलं. कागदावरच्या वजनांवर विसंबून भरलेलं त्याचं विमान धावपट्टीच्या शेवटच्या मीटरपर्यंत जमीन सोडेना, तेव्हा त्याला शंका आली. मावशी, हा खेळ नाही. अशाने माणसं मरतात.

एकाहत्तरने भागलं की येतात अडतीस. विमानात आसनं सदतीस. एक माणूस बाहेर लोंबकळत न्यावा लागेल.

त्वेतेर आता हसत नाहीत. ते म्हणाले, "स्टाइनार, तुझं बेट खोटं बोलतं." मी काय म्हणणार होतो, की नाही, माझं बेट खोटं बोलत नाही, फक्त प्रयत्न करतं?

मी हाता-पाया पडून शेवटची संधी मिळवलीय. सोमवारी, बावीस तारखेला, मी स्वतः काटा घेऊन येतोय. आठवडाभर तुझ्याकडे राहीन. जाणाऱ्यांचं वजन हेस्टवेरला मी करणार, येणाऱ्यांचं बोडोला मुली करणार. जाता-येता दोन्ही, म्हणजे लपवायला जागा नाही. संचालकांची बैठक सात मेला. यानंतर मी काही करू शकणार नाही.

स्टाइनार


हेस्टवेर,
२८ एप्रिल

प्रिय स्टाइनार,

आठवडाभर माझ्या घरात राहिलास आणि धड तीन वेळा जेवलास. बाकी वेळ तो काटा मांडीवर घेऊन बसल्यासारखा. खोलीत तुझा एक मोजा राहिलाय, धुऊन ठेवलाय.

तू सोमवारी दुकानात काटा मधोमध ठेवलास आणि बाजूला उभा राहिलास, एक शब्द बोलला नाहीस. मला राग आला होता तुझा. इतक्या लांबून आलास तर चार शब्द बोलायला काय झालं? पण मग सगळे माझ्याकडेच बघायला लागले. म्हणून मला बोलावं लागलं. मी काय बोलले ते तू ऐकलंस, तरी लिहून ठेवते, कारण असं मी पुन्हा बोलणार नाही. हा मासळीचा काटा नव्हे. जड झालात तरी बुडू, हलके झालात तरी बुडू. एरवी गुरुवारी जसे असता तसे या. ज्याला तेवढं जमत नसेल त्याने मला एडविनकडे आपल्या बोटीने न्यावं, ओकाऱ्यांसकट, दर आठवड्याला, मी मरेपर्यंत.

ओलुफने स्वेटर वर करून साखळी काढली. मूर्खाने पुन्हा घातली होती. विचारलं कशाला, तर म्हणाला, काटा दिसला की हात आपोआप जातो.

आता जे होईल ते होईल. आमच्याकडून खरं झालं एवढं मला ठाऊक आहे.

गुरुवारी एडविन इतका आनंदात होता! सगळे वडे खाल्ले, एकही उरला नाही. म्हणाला, बुधवारच्या तळणीचा वास त्याला अजून आठवतो. तू या वेळीही गेला नाहीस. बोडोला परत गेल्यावर एक संध्याकाळ तरी काढायचीस.

तुझी,
राग्नामावशी


बोडो,
८ मे

प्रिय मावशी,

बुटक्या घेतला.

सरासरी अठ्ठ्याऐंशी. एकतीस माणसं. एका माणसाने वाचलो. त्वेतेरांनी कागद तीनदा उलटसुलट केला, इंजिनांच्या तेलावर पाऊण तास बोलले, लांब्याचं चित्र पुन्हा एकदा सगळ्यांना फिरवून दाखवलं. शेवटी म्हणाले, "करार म्हणजे करार." पहिला बुटक्या पुढच्या वर्षी येईल, तोवर तुझा डबा चालेल. तुझी धावपट्टी राहिली. ओत्तारला सांग, आणि त्याला हेही सांग की बंबात यापुढे फक्त पाणी ठेवायचं.

आता दुसरी गोष्ट. ती मला लिहायची नव्हती, पण चार दिवस डोक्यातून जात नाही.

बैठकीच्या आधी मी सगळे कागद ओळीने तपासले. ओळ सत्तावन्न, गुरुवार. स्त्री, वय चौऱ्याहत्तर. जाताना हातातली पिशवी चार किलो दोनशे. हा आकडा मी स्वतः लिहिलाय, पिशवीला तळणीचा वास येत होता. त्याच संध्याकाळी, बोडोहून परतताना, मुलीच्या अक्षरात: पिशवी चार किलो दोनशे.

आधी वाटलं, मुलीची चूक. मग मी बोडोचा काटा मागवून तपासला. दुसऱ्यांदा काट्यावर आळ घेतला आणि दुसऱ्यांदा तो खरा निघाला. मग तुझी पत्रं काढली. सगळे वडे खाल्ले, एकही उरला नाही.

शनिवारी मी शुश्रूषागृहात गेलो. हो, गेलो एकदाचा. गुडवेग नावाची परिचारिका होती. तिने सांगितलं की काका सप्टेंबरपासून चमच्याने भरवलेल्या सूपशिवाय काही घेत नाहीत. बोलत नाहीत. कोणाला ओळखत नाहीत. म्हणाली, "त्यांच्या बायको दर गुरुवारी डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवतात आणि जाताना झाकण लावतात." मी काकांजवळ अर्धा तास बसलो. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मावशी, तू मला महिनोन् महिने काय लिहीत होतीस? चार वडे, पाच वडे, बशी चाटली! आकड्यांच्या माणसाला आकडे लिहूनच फसवलंस. आणि मी वीस मिनिटांवर बसून ते वाचत होतो, आणि मला बरं वाटत होतं, कारण काका जेवताहेत म्हणजे मी नाही गेलो तरी चालतंय. मला राग आलाय. तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती ते मला काढता येत नाही.

स्टाइनार


हेस्टवेर,
१२ मे

स्टाइनार,

धावपट्टीचं ऐकून ओत्तारने बंबाची घंटा इतकी बडवली की लोक बादल्या घेऊन धावत आले. पाद्रीबुवांनी चर्चमध्ये आभार मानले, पुस्तकं हातात घेऊन, पाठीवर नाही. दुकानात केक होता. मी दोन तुकडे खाल्ले. हे सगळं तुझ्यामुळे, आणि ते मी आधी लिहिते, कारण पुढे मी चिडणार आहे.

बाईमाणसाच्या पिशवीत नाक खुपसायचं तुला काय कारण होतं? एकतीस आले ना? मग संपलं होतं की!

हो. परत येतात. शुक्रवारी मी खाते, शनिवारी मांजर खातं. झालं समाधान?

खरं लिहिलं असतं तर तू काय केलं असतंस ते मला ठाऊक आहे. तू वाईट नाहीस. तू म्हणाला असतास, मावशी, तो ओळखत नाही तर दर आठवड्याला कशाला दगदग करतेस, महिन्यातून एकदा जा. डॉक्टर तसं म्हणालेच. पाद्रीबुवाही म्हणाले, प्रेमाने. दर आठवड्याला कशाला, मग महिन्याला तरी कशाला, मग एका म्हातारीसाठी विमान तरी कशाला? ज्या बाईला नवरा ओळखत नाही तिच्यासाठी कोण धावपट्टी ठेवतं, सांग मला. जेवणाऱ्या नवऱ्यासाठी ठेवतील एक वेळ. म्हणून तो जेवत होता. ओलुफने साखळी घातली, मी वडे घातले. तेवढाच फरक.

आणि खरं सांगू, हे कारणही पुरतं खरं नाही. बावन्न वर्षं बुधवारी मी वडे तळले. तो बोटीवरून यायचा आणि उभ्याउभ्याच, बूट न काढता, तव्यावरचे उचलून खायचा. मी ओरडायचे. आता बुधवारी शेगडीपुढे उभी राहिले नाही तर काय करू मी? आणि तळले की ते घरात कोणासाठी ठेवू? मला एकटीला ते नको झालेत रे. मला ते बघवत नाहीत. झाकण लावून परत आणते तेव्हा विमानात पिशवी मांडीवर असते आणि ती हलकी झालेली नसते. तुझ्या काट्याची गरज नव्हती. मला दर गुरुवारी कळत होतं.

आता यावर मला पत्र लिहू नकोस.

राग्नामावशी


बोडो,
१७ मे

प्रिय मावशी,

गुरुवार, तेवीस मे. बारा वाजता मी काकांच्या खोलीत असेन. सकाळपासून काही न खाता येतो. कुंडी आणत नाही.

स्टाइनार


हेस्टवेर,
२६ मे

प्रिय स्टाइनार,

आठ! माणूस आहेस की काय? दहा नेले होते, एक मी खाल्ला, एक त्या गुडवेगला दिला. असा कसा रे तू राहतोस त्या बोडोत, काही खातोस की नाही एरवी? आणि मीठ जास्त झालं होतं. मी तिथे चाखल्यावर मला कळलं. तू "छान झालेत" म्हणालास, खोटारड्या. आपल्या घराण्याचाच आहेस.

तू तिसरा उचललास तेव्हा मी एडविनकडे पाहिलं. तो तुझ्या हाताकडे बघत होता. ताटातून तोंडाकडे, तोंडाकडून ताटाकडे, तुझ्या हाताबरोबर त्याचे डोळे. तुला दिसलं नाही, तू खाली मान घालून रडत खात होतास, आणि तोंड भरलेलं असताना रडू नये, गुदमरायला होतं. सहाव्याला तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "वाढ त्याला अजून."

तू ऐकलंस. गुडवेगने ऐकलं. म्हणजे या वेळी हे शब्द मी पदरचे घातलेले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाला, पण मला ओळखून म्हणाला की वाढणारी कोणी बाई समजून, ते मला ठाऊक नाही. मी विचारणार नाही आणि तूही विचारू नकोस. बावन्न वर्षांत मला तो याहून गोड काही फारसं बोलला नव्हता.

पुढच्या गुरुवारी मीठ बेताचं घालते. बारा म्हणजे बारा, सव्वाबारा नाही. त्वेतेरला सांग की मावशीचा हुकूम आहे.

संध्याकाळी इथे उतरले तर ओत्तारने नेहमीसारखी माझी पिशवी खाली घेतली, हातात जरा जोखली आणि म्हणाला, "राग्नाबाई, डबा बोडोला विसरलात की काय?"

आहे की डबा, म्हटलं. रिकामा आहे.

तुझी,
राग्नामावशी